तुम्ही विचारलंत म्हणून: अकरावा व्हिडिओ

सुट्टीत पुण्याला आले की कुणीतरी विचारतंच, "मुलगी शांघायच्या शाळेत शिकली ना? कन्फ्यूशियसची शिस्त, वर एवढं तंत्रज्ञान. आपल्याकडे का नाही जमत हे?" मी हसून विषय बदलते. आज नाही बदलत.

मार्च २०२०. शाळा पडद्यावर आलेली, मुलगी नऊ वर्षांची. रोज एक पाठांतर आणि त्याचा व्हिडिओ पालकांच्या ग्रुपवर. याला तिकडे 'ताखा' म्हणतात, म्हणजे कामावर कार्ड लावून हजेरी देणं. त्या रात्रीचं वाक्य कन्फ्यूशियसच्या, म्हणजे त्या प्राचीन चिनी गुरूच्या, संवादांतलं पहिलंच होतं: शिकलेलं वेळोवेळी घोटावं, यात आनंद नाही का? सहाव्यांदा ती अडखळली. आठव्यांदा कुकरची शिट्टी झाली. दहाव्यांदा मी तिला दंडाला धरून सरळ उभं केलं, जोरातच. बोटं उमटली. अकरावा व्हिडिओ नीट झाला. मग म्हणाली, "आई, यात प्रश्न विचारलाय ना? मग 'नाही' म्हटलं तर चालेल?"

"आधी अपलोड होऊ दे," मी म्हणाले. बाईंचा अंगठा आला. प्रश्न राहिला.

दोष मोबाइलचा, म्हाताऱ्या कन्फ्यूशियसचा नाही, असं मीही बरीच वर्षं म्हणायचे. पाढे घोकून वाढलेली मी घोकण्याला कशी नावं ठेवू? आणि त्याच्याकडे दोन शिष्यांनी एकच प्रश्न नेला होता, ऐकलं की लगेच करावं का? उतावळ्या झीलूला म्हणाला, आधी घरच्या मोठ्यांना विचार. मागे राहणाऱ्या रान यौला म्हणाला, कर लगेच. तिकडची अभ्यासाची ॲपही 'ज्याच्या त्याच्या कुवतीप्रमाणे' हेच जुनं ब्रीद मिरवतात. पण ॲपला फक्त बोट कुठे थांबलं ते कळतं, चेहरा कुठे दिसतो, असं मी ऐटीत सांगायचे. चेहरा त्या रात्री माझ्यासमोर होता की!

जुलै २०२१ मध्ये सरकारने शिकवण्यांवर आणि गृहपाठावर मर्यादा आणल्या. पालकांना गृहपाठ देऊ नये, असंही त्यात होतं. सोळा महिने उशिरा. अर्थात, नियम आधी आला असता तर मी ऐकलं असतं का, देव जाणे.

मुलगी आता दहावीच्या वयाची आहे. ॲपवर आपणहून अभ्यास करते, मी हटकत नाही. परवा विचारलं, ती रात्र आठवते का गं? म्हणाली, "वाक्य आठवतं," आणि मोबाइलवरची नजर न काढता, सगळ्या चिनी सुरांसकट घडाघडा म्हणून दाखवलं.