जिव्या सोमा म्हसे यांचं जाळं

मंगळवार, रात्री उशिरा

सातवीच्या चित्रकलेच्या तासासाठी वारलीचे नमुने काढायला बसले आणि वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांच्या मासेमारीच्या जाळ्याच्या चित्रापाशी अडकले. बराच वेळ तेवढं एकच चित्र बघत होते. जाळ्याने जवळजवळ सगळं कापड व्यापलेलं, जाळंवाला माणूस मात्र कडेला, अगदी एवढासा. बारीक पांढऱ्या रेघा नि ठिपके एकापुढे एक ठेवत जाळं विणत नेलंय. नजर एका जागी ठरतच नाही, सगळं पाण्यात हलतंय असं वाटतं.

म्हसे १९३४ चे, तलासरीकडच्या धामणगावचे. सातव्या वर्षी आई गेली आणि त्या धक्क्याने पोराची वाचाच गेली. काही सांगायचं तर धुळीत चित्र काढून दाखवायचा. पुढे डहाणू तालुक्यातल्या गंजाडचा कळंबीपाडा हेच त्यांचं गाव झालं. ते धुळीतलं पोर आज सारखं डोळ्यांपुढे येतंय.

वारल्यांमध्ये चौक, म्हणजे लग्नाचं चौकोनी भित्तिचित्र, लिहिणं हे बायकांचं काम. लग्न निघालं की शेणामातीने सारवून गेरू दिलेल्या भिंतीवर सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहितात. मधोमध पालघट देवी. धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. लग्न पार पडलं की त्या चित्राचं कामही झालं. म्हसे लग्नसराईची वाट न बघता रोज चित्रं काढायला लागले. पुरुषमाणसाने, तेही कुठल्या विधीशिवाय, केवळ काढावंसं वाटतं म्हणून! त्यांच्या सगळ्या मानसन्मानांपेक्षा मला हेच धाडस मोठं वाटतं.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या भागात आले. बिहारच्या दुष्काळात मिथिलेतल्या, भिंतींवर मधुबनी चित्रं काढणाऱ्या बायकांच्या हाती कागद देणारे ते हेच. त्यांनी म्हसे यांचा हात ओळखला आणि भिंतीवरचं चित्र कागदावर, कापडावर आलं. १९७५ मध्ये मुंबईत प्रदर्शन, १९७६ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार. १९८९ मध्ये पॅरिसच्या पॉम्पिदू केंद्रातल्या मोठ्या प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, २००३ मध्ये जर्मनीत ड्युसेलडॉर्फला ब्रिटिश कलावंत रिचर्ड लाँग यांच्यासोबत. पद्मश्री २०११ ची. एवढं होऊनही राहिले गंजाडलाच आणि १५ मे २०१८ ला तिथेच गेले. मुलं, सदाशिव आणि बाळू, हीच चित्रं काढतात.

आता वारली कुर्त्यांवर आहे, चादरींवर आहे, कपांवर आहे. दोन त्रिकोण टोकाला टोक जोडले, हातपाय काढले, की झाला वारली माणूस! मला याचा मनापासून राग येतो. त्रिकोण म्हसेही काढतात, पण त्यांची भाताची लावणी करणारी बाई वाकते तिथे तिच्या कमरेतला शीण दिसतो. तारपा वाजवणाऱ्याभोवती फेर धरलेल्यांत पुढचा पाय उचललेला माणूस वेगळा, टेकवलेला वेगळा. ते बघून बघून हातात आलेलं आहे. छापाच्या ठशातून कुठून येणार?

उद्या मुलांना त्रिकोण शिकवायचेच नाहीत. आधी जाळं दाखवायचं, म्हसे यांचं नाव फळ्यावर लिहायचं आणि सगळ्यांना मैदानात न्यायचं. पाणी भरणाऱ्या मावशी, कबड्डी खेळणारी आठवीची पोरं, नुसतं बघू देत. कागद परवा. आणि हो, गेरू संपलाय, उद्या जाताना आणायचा.