पेडल बसवता बसवता मे महिना गेला

आपली जुनी फॉर्म्युला मारुती अजून शेडमधेच आहे. माहीत नसेल त्यांच्यासाठी, पाईपची चेसिस, एकच सीट आणि ड्रायव्हरच्या पाठीमागे मारुती ८०० चं ७९६ सीसी इंजिन, कधीकाळी चेन्नईजवळच्या शोलावरमच्या रेस ट्रॅकवर पळायच्या या गाड्या. आता जळगावच्या मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली पडून आहे, दुपारी पाना हातात धरवत नाही म्हणून सगळं काम रात्री जेवण झाल्यावर.

पेडलचं म्हणाल तर ब्रेकला दोन मास्टर सिलेंडर (ब्रेक ऑइल ढकलणारे पंप), एक पुढच्या चाकांना एक मागच्या, आणि मधे बॅलन्स बार, म्हणजे पायाचा जोर दोघांत वाटणारा दांडा. पेडल ज्यावर फिरतं त्या पिवटपासून पाय पडतो तिथपर्यंत २५० मिमी, बारपर्यंत ५०, म्हणजे पायाने ३० किलो दाबलं की बारवर १५०, बार मधोमध असला तर दोघांना ७५-७५. बारच्या मधलं बेअरिंग ज्या सिलेंडरकडे सरकवाल त्याला जास्त. पुढची चाकं आधी लॉक झाली पाहिजेत, मागची आधी झाली तर गाडी गरकन फिरलीच समजा.

आता माझा शहाणपणा ऐका. मी आधी फक्त पुढच्या ब्रेक लाईनीतली हवा काढत बसलो, मागच्या लाईनीत हवा तशीच. पेडल दाबलं की बार तिरका व्हायचा आणि पेडलच्या पाईपात अडकायचा, सोडलं तरी पेडल वर येईना, मला वाटलं सिलेंडरच गेला, नवीन मागवायलाच निघालो होतो!! शेवटी कळलं की पुढचा एक आणि मागचा एक असे हवा सोडायचे दोन्ही निपल सोबतच उघडायचे. दोन पोरं नळ्या धरून, मी आत बसून, ब्रेक ऑइल चेसिसवर सांडलं तिथला रंग फुगला तो वेगळाच. क्लेविस (बारला सिलेंडरच्या दांड्याशी जोडणारे चिमटे) पण मी दोन्हीकडून घट्ट बसवले होते, तिथे बारला हलायला थोडी मोकळी जागा लागते, मग लेथवाल्या काकांकडून वॉशर घासून पातळ करून आणले.

एवढं झाल्यावर बूट घालून बसलो तर ब्रेकबरोबर क्लच पण दबतोय! इतके दिवस चप्पल काढून चेक करत होतो ना. काका वाकून बघतात आणि म्हणतात, "भाऊ, तुना पाय मोठा शे, गाडीना काय दोष?"

क्लचचं पेडल १५ मिमी डावीकडे घ्यायचंय. वेल्डिंगवाला लग्नाला गेलाय, सोमवारी येतो म्हणाला.