पिंपातल्या कॉफीची आमची वाटचाल

पुण्यात आमच्या रोस्टरीचे, म्हणजे कॉफी भाजण्याच्या कारखान्याचे, नाव झाले ते व्हिस्कीच्या पिंपात मुरवलेल्या कॉफीमुळे, आणि त्याच कॉफीच्या नावाखाली दुसऱ्याने भलताच माल विकल्यामुळे आमच्यावर शटर ओढायची वेळ आली होती. म्हणून हे सारे एकदा नीट लिहून ठेवत आहे.

बोर्बन ही अमेरिकन व्हिस्की ओकच्या नव्या, आतून जाळलेल्या पिंपातच मुरवावी, असा अमेरिकेचा कायदा आहे. त्यामुळे एकदा वापरलेली, सुमारे 200 लिटरची पिंपे जगभर विक्रीला निघतात, आपल्याकडचे सिंगल माल्ट व्हिस्की करणारेही ती घेतात, आणि त्यांचे काम संपले की ती आमच्यासारख्यांच्या हाती लागतात. आमचे पहिले पिंप गोव्याहून टेम्पोने आले. बूच काढताच जळक्या लाकडाचा, व्हॅनिलाचा आणि काकवीसारखा जो वास सुटला, त्याने मी त्या दिवशी दुसरे काही कामच केले नाही.

कॉफीची कच्ची बी आजूबाजूचा ओलावा आणि वास ओढून घेते. मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात बिया फुगवून ‘मॉन्सून्ड मलबार’ करतात, तेही याच गुणावर. आम्ही चिकमगळूरची प्लँटेशन ए, म्हणजे धुऊन वाळवलेल्या अरेबिका बियांची एक प्रत, पिंपात भरतो, बूच ठोकतो, पिंप रोज लोळवतो आणि ट्रायरने, म्हणजे नमुना काढायच्या पोकळ नळीने, थोड्या बिया काढून मॉइश्चर मीटरवर तपासतो. काटा 12 टक्क्यांच्या पुढे सरकू लागला की पिंप रिकामे करायचे, कारण त्यापुढे बुरशीला आमंत्रण असते. भट्टीत बी 200 अंशांच्या आसपास तडतडते, तोवर मद्यार्क उडून गेलेला असतो. कपात जी गोडी उतरते ती मुख्यतः जळलेल्या ओकची. या कॉफीचे सारे आकर्षण मला त्या लाकडात वाटते.

आमचा जम बसतो आहे तोच बाजारात एकाने रोबस्टा ही कॉफीची स्वस्त, कडवट जात भाजून, बिया कोमट असतानाच त्यांना व्हिस्कीचे एसेन्स चोळले, पाकिटावर पिंपाचे चित्र छापले आणि आमच्या निम्म्या भावात हॉटेलांना माल दिला. एकेक हॉटेल तुटत गेले. ज्यांनी ती कॉफी प्यायली, ते ‘पिंपातली कॉफी कडवट आणि औषधी लागते’ असे आम्हालाच ऐकवू लागले. पिंप रिकामे ठेवले तर फळ्या आकसतात, पट्ट्या ढिल्या होतात आणि फटींतून उजेड दिसू लागतो. अशी काही चांगली पिंपे अर्धी कापून कुंड्या करणाऱ्याला विकावी लागली, त्याचा सल अजून गेलेला नाही. भट्टीच्या कर्जाचे हप्ते थकले आणि बँकेची नोटीसही आली.

त्या काळात कर्वे रस्त्यावर छोटे कॅफे चालवणाऱ्या आमच्या ताई तेवढ्या टिकून राहिल्या. त्या गिऱ्हाइकापुढे दोन्ही कप शेजारी-शेजारी ठेवत. गरम असताना एसेन्सवाला कप बाजी मारी. कोमट झाल्यावर त्याचा वास उडून नुसता कडूपणा उरे आणि आमच्या कपातली लाकडाची गोडी वर येई. “दादा, तुमचा कप निवला की बोलायला लागतो, घाईच्या माणसाला देऊच नका,” असे त्या म्हणत. पुढच्या हंगामाच्या एका अख्ख्या पिंपाचे पैसे त्यांनी आगाऊ दिले, त्यावर आम्ही नव्या गोण्या उचलल्या. नंतरची वर्षे बरी गेली.

रोस्टरी काढू पाहणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पिंप फोटोवरून घेऊ नका. बूच काढून नाक लावा आणि कुबट किंवा आंबूस वास आला तर टेम्पो तसाच परत पाठवा. हॉटेलांना उधारी देऊ नका. पिणाऱ्यांनी पहिला कप बिनदुधाचा घ्यावा, आणि विकणाऱ्याला पिंपात बी कच्ची भरली की भाजलेली, किती आठवडे ठेवली, हे खुशाल विचारावे.

ते पिंपाचे चित्र आणि ‘मुरवलेली’ हा शब्द त्या पाकिटावर आजही आहे. मी लेखी तक्रार दिली आहे, आणि तो शब्द निघेपर्यंत देत राहणार आहे.