एकोणचाळीस फूट, किती वाजता?

जुलै, पहाटे साडेचार. पाऊस थांबायचं नाव नाही.

झड लागली की कोल्हापुरात आकाशवाणीच्या बातम्यांचं सगळं काम एका आकड्याभोवती फिरतं: राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी किती फुटांवर. ३९ फूट इशारा पातळी, ४३ फूट धोका पातळी. आकडा नियंत्रण कक्षात एका फोनवर मिळतो. घोटाळा होतो तो कागदापासून माइकपर्यंत जाताना.

कागदावर येतं ४०.१०. म्हणजे चाळीस फूट दहा इंच. आधीची नोंद ४०.९ असली तर नवख्याला वाटतं पाणी उतरलं. चढलेलं असतं! म्हणून संहितेत आकडा अक्षरी, फूट आणि इंच सुटे, आणि शेजारी वेळ. पहाटे चारची पातळी सात वाजता ‘सध्या’ म्हणून वाचली तर ती चक्क खोटी बातमी.

त्यात मराठीचे आकडे. स्वयंपाकघरात मिक्सर फिरत असला की ‘एकोणचाळीस’मधलं ‘चाळीस’ तेवढं कानात शिरतं. पेपर वाचणारा मागची ओळ पुन्हा बघतो, ऐकणाऱ्याला ती सोय नाही. ‘एकोणचाळीस फूट, म्हणजे इशारा पातळीवर’ असं लिहिलं की आकडा निसटला तरी अर्थ पोचतो.

राधानगरी धरणाच्या सात दरवाजांबाबत एक चूक दरवर्षी ठरलेली: ‘प्रशासनाने दरवाजे उघडले’. ते स्वयंचलित आहेत, धरण भरलं की आपोआप उघडतात. ‘प्रशासनाने उघडला’ नव्हे, ‘उघडला गेला’ही नव्हे, नुसतं ‘दरवाजा उघडला’. एका दरवाजातून १४२८ क्युसेक, म्हणजे सेकंदाला तितके घनफूट पाणी. वीजगृहातून सुटणारं पाणी वेगळं, दोन्हींची बेरीज केली असेल तर तसं सांगायचं. आणि ते पाणी भोगावतीतून शहरापर्यंत यायला तास लागतात, हेही.

गावाची नावं फोनवर सांगताना तालुका जोडावाच. शिरोळ वेगळं, शिरोली वेगळी. महामार्गावर पाणी आलं ते पुलाच्या शिरोलीत, हातकणंगले तालुक्यात. पुण्यातल्या डेस्कला हा फरक माहीत असेलच असं धरू नये.

पुण्याहून ७ वाजून १० मिनिटांनी प्रादेशिक बातम्या. दहा मिनिटं, त्यात ठळक बातम्या दोनदा. मिनिटाला शंभर-सव्वाशे शब्द धरले तर पुराच्या बातमीच्या अर्ध्या मिनिटात पन्नास-साठ. पातळी, वेळ, विसर्ग, बंद रस्ते, स्थलांतर. पाहणी दौरे उरल्या जागेत. बहुधा जागा उरत नाही, बरंच आहे ते.

कुणाचा आवाज घ्यायचा तर माइक तोंडापासून वीतभर, थोडा तिरका, फोम चढवलेला. शिवाजी पुलावर वारा नुसता घोंघावतो, कठड्याच्या आडोशाला उभं राहावं. बोलणं संपल्यावर वीस सेकंद नुसतं पाणी रेकॉर्ड करायचं, कापाकापीचे सांधे त्यात झाकतात. मोनो वेव्ह फाइल मिनिटाला पाच एमबी होते आणि पुरात नेट रांगतं. १२८ केबीपीएसची एमपीथ्री केली की एकच एमबी.

या कामात येणाऱ्यांना पगाराचं विचारावंसं वाटतं. वृत्त विभागातले नियमित अधिकारी भारतीय माहिती सेवेतून येतात. नैमित्तिक वृत्तनिवेदकाला ड्यूटीगणिक मानधन, महिन्याला मोजक्याच ड्यूट्या. त्यामुळे जोडीला अनुवाद, शिकवणी, काहीतरी असतंच.

पावणेसात. संहितेत पातळीची जागा कोरी आहे. सातला एकदा फोन, मग ती भरायची, पेन्सिलीनंच.