गार पाण्याच्या मागावर: लेक मिशिगनमधली मासेमारी

भर जुलैत लेक मिशिगन या अमेरिकेतल्या मोठ्या सरोवराच्या वरच्या पाण्यात सॅल्मन मासा सहसा थांबत नाही. त्याला साधारण १० ते १३ अंश सेल्सिअसचं गार पाणी लागतं, आणि उन्हाने तापलेल्या थराखाली ते कुठे सुरू होतं हे रोज वेगळं. म्हणून इथे बोट चालती ठेवून मागे आमिषं ओढत नेतात. याला ट्रोलिंग म्हणतात.

माझा मित्र मूळचा मालवणचा, आता विस्कॉन्सिन राज्यातल्या मिलवॉकी शहरात स्थायिक. त्याची छोटी बोट आहे. निघायच्या आधी तो मागच्या दोन दिवसांचं वारं बघतो. मिलवॉकी सरोवराच्या पश्चिम किनाऱ्यावर. पश्चिमेचं वारं टिकून राहिलं की वरचं उबदार पाणी आत लोटलं जातं आणि खालचं गार पाणी किनाऱ्याजवळ वर येतं. त्या शनिवारी नेमकं तसंच होतं. "आज लांब जायला नको रे," तो धक्क्यावरच म्हणाला.

विस्कॉन्सिनमध्ये माणशी तीन दोऱ्या चालतात, म्हणजे आमच्या सहा. बोटीच्या मागच्या कडेला डाउनरिगर असतो: चाकावर तार, तारेच्या टोकाला चार-साडेचार किलोचा शिशाचा गोळा. गळाची दोरी गोळ्याजवळच्या चिमट्यात अडकवायची आणि गोळा हव्या त्या खोलीवर सोडायचा. दोरी ताणून घेतली की रॉड धनुष्यासारखा वाकतो. मासा लागला की चिमटा सुटतो आणि रॉड एकदम सरळ होतो.

आमिष म्हणजे स्पून, धातूचा पातळ हिरवा-चंदेरी पत्रा. ताशी अडीच मैलांच्या आसपास तो माशासारखा डोलतो. बोट मंदावली की नुसता लोंबतो. वळण घेताना बाहेरच्या बाजूची आमिषं वेगात जातात, आतली हळू. कोणत्या बाजूला मासा लागतो, त्यावरून आज कोणता वेग हवा ते कळतं. मला या खेळातली ही सगळ्यात सुंदर गोष्ट वाटते.

आमच्या वळणावर बाहेरचा रॉड सरळ झाला आणि रीळ किर्र वाजायला लागलं. "ओढू नको, पळू दे त्याला!" मित्र ओरडला. बोट थांबवायची नाही, नाहीतर बाकीच्या दोऱ्या सैल पडून गुंततात. हात भरून आले, मग एकदाचा चिनूक, म्हणजे सॅल्मनचीच एक जात, जाळ्यात आला.

चिनूक मूळचा पॅसिफिकचा. लॅम्प्रे (इतर माशांचं रक्त शोषणारा मासा) आणि बेसुमार मासेमारीने इथला लेक ट्राउट हा मोठा शिकारी मासा संपला होता, एलवाइफ नावाचे छोटे मासे माजले होते. ते खायला मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो ही सॅल्मनची दुसरी जात आणि १९६७ मध्ये चिनूक सोडले. आज निम्म्याहून अधिक चिनूक नद्यांमध्ये आपोआप जन्मतात. हॅचरीतल्या (मत्स्यबीज केंद्रातल्या) पिल्लांचा शेपटीजवळचा, पाठीवरचा छोटा पर कापलेला असतो. मित्राने आधी तोच बोटाने चाचपला. पर शाबूत होता, म्हणजे मासा बहुधा नदीतच जन्मलेला. तो इतका खूश झाला की वजन करायचंही विसरला.

मोठ्या माशांच्या चरबीत पीसीबी हे विषारी औद्योगिक रसायन साठतं, म्हणून कातडी आणि चरबी काढून, कमीच खावं असा इथल्या राज्याचा सल्ला आहे. आम्ही तसंच साफ केलं आणि संध्याकाळी वहिनींनी तिरफळ घालून कालवण केलं. बाकीचे तुकडे शेजाऱ्यांकडे गेले.