हप्तेवाला कंपनीच्या गेटवर आला तो दिवस

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीच्या, म्हणजे ओतकामाच्या कारखान्याच्या, कोअर शॉपमध्ये मी काम करते. फाउंड्री म्हटलं की लोकांना भट्टी आठवते, 1400 अंशांच्या आसपासचा तो वितळलेल्या धातूचा लाल रस आणि तो ओतणारी माणसं आठवतात. पण कास्टिंगच्या, म्हणजे रस ओतून तयार झालेल्या भागाच्या, पोटात पाणी फिरायला, तेल जायला जी पोकळी लागते ती वाळूच्या कोअरमुळं राहते. आमच्याकडं हे कोअर तयार करणारे हात बायकांचे आहेत. मशीनवरून कोअर आला की कडेची फिन, म्हणजे बाहेर आलेली पातळ कड, फाईलनं घासायची, कोअर कोटिंगमध्ये बुडवायचा, ओव्हनमध्ये सुकवायचा आणि व्हेंट, म्हणजे गॅस जायचं भोक, मोकळा आहे का ते तार घालून बघायचं. शेवटची तपासणी माझ्याकडं असते.

व्हेंटचं एवढं महत्त्व का? रस ओतला की कोअरची वाळू धरून ठेवणारं रेझिन जळतं. त्याचा गॅस व्हेंटमधून बाहेर पडला तर ठीक, नाहीतर तो कास्टिंगमध्येच अडकतो आणि ब्लो होल, म्हणजे आत पोकळ भोक, पडतं. ते लगेच दिसतही नाही. कधी कधी मशिनिंग झाल्यावर कळतं आणि तोवर भट्टीवाल्यापासून कास्टिंग घासून साफ करणाऱ्या फेटलिंगवाल्यापर्यंत सगळ्यांची मेहनत पाण्यात गेलेली असते.

आमच्या शॉपमध्ये काही महिन्यांपूर्वी एक बोर्ड लागला: ‘कामाच्या वेळेत आपसात बोलू नये.’ भट्टीजवळ हे बरोबरच आहे. तिथं रस भरलेलं लॅडल डोक्यावरून सरकत असतं, क्रेनचा भोंगा ऐकू आलाच पाहिजे. पण बाकावर बसून फाईल घासणाऱ्या बायकांना गप्प बसवण्यात काय मिळतं, ते मला कधी पटलं नाही. हात चालू असतात, नजर कोअरवर असते, तोंड मोकळं असतं. आणि ज्या दिवसाचं मी सांगणार आहे, त्या दिवशी आम्हाला काहीतरी बिनसल्याचं कळलं ते एकीचं तोंड बंद होतं म्हणूनच.

जुलै महिना होता. पावसानं झोडपून काढलं होतं. जुलैत आमच्याकडं पहिला विषय एकच असतो, पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी किती फूट. 39 ला इशारा पातळी, 43 ला धोका पातळी, हे आमच्यातल्या अडाणी बाईलाही पाठ आहे. 2019 चा आणि 2021 चा पूर सगळ्यांनी अंगावर घेतलाय. राधानगरी धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी आली की नदीकाठच्या गावातल्या बायकांचं अर्धं लक्ष घरी असतं. जनावरं कुठं न्यायची, धान्य माळ्यावर कुणी चढवायचं, सासूला उचलून कोण नेणार.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही पाच-सहा जणी पत्र्याच्या शेडखाली गोल करून बसतो. भाकरी, खर्डा, कुणाची वरण्याची उसळ, कुणाचं दही. डबे मधे ठेवले की कुणाचं काय हे राहत नाही. आणि मग सुरू होतं. टोपवरून येणाऱ्या वहिनीची बस सकाळी भरून आली आणि थांबलीच नाही. रुकडीच्या मावशीच्या उसाच्या बिलाचा शेवटचा हप्ता अजून आलेला नाही. कायद्यानं ऊस घातल्यापासून 14 दिवसांत पैसे द्यायचे असतात, हे मावशी कुठल्याही सभेतल्या पुढाऱ्यापेक्षा जोरात सांगते. आक्काचा पोरगा पोलीस भरतीसाठी पहाटे चारला उठून पळायला जातो. एवढ्या पावसात गुडघ्याचं काही झालं तर, ही तिची काळजी. वयानं सर्वांत लहान जी आहे तिच्यासाठी घरच्यांनी स्थळ बघायला सुरुवात केलीय आणि तिला अजून कॉलेज बाहेरून पूर्ण करायचंय.

यात कुणी कुणाला शहाणपण शिकवत नाही. ‘व्हय की’, ‘आमच्यात पण तसंच’, ‘जाऊ दे गं, जेव आधी’, एवढंच. पण त्यानं दुपारनंतरचे चार तास निघतात, हे ज्यांनी असं काम केलंय त्यांनाच कळेल.

आता तिच्याबद्दल. तिचं नाव लिहीत नाही, घरची गोष्ट आहे. पंचगंगेकाठच्या एका गावातली. शॉपमधला सर्वांत चांगला हात तिचा. वॉटर जॅकेटचा, म्हणजे पाणी फिरायच्या पोकळीचा, कोअर म्हणजे बोटाएवढ्या जाडीच्या पायांवर उभी राहिलेली वाळू, जरा दाब पडला की मोडला. तो ती अशी फिरवते की फाईलचा आवाजसुद्धा एकसारखा येतो. आणि बोलकी इतकी की बोर्ड लागला तेव्हा सगळ्यांनी हसून तिच्याकडंच बघितलं होतं.

त्या दिवशी सकाळपासून ती एक शब्द बोलली नाही. पाणी वाढायलंय म्हणून काळजीत असेल, असं आम्ही धरलं. मग तिचा ट्रे माझ्याकडं तपासायला आला. पहिल्या कोअरच्या व्हेंटमध्ये तार जाईना. कोटिंग आत जाऊन घट्ट बसलं होतं. दुसऱ्याचंही तेच. तिसरा बरा, चौथा पुन्हा बंद. तिच्या हातून असा ट्रे मी कधी बघितला नव्हता. मी ट्रे बाजूला ठेवला, तार आणि हवेची नळी घेऊन एकेक व्हेंट मोकळा केला आणि दोन कोअर भंगारात टाकले.

सुट्टीत तिनं डबा उघडलाच नाही. आक्कानं सरळ विचारलं, ‘काय झालंय? नवऱ्यानं काय केलं काय?’

‘न्हाई.’

‘पोरीचं काय?’

तिनं मान हलवली आणि मग पिशवीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली तीन कार्डं काढून मांडीवर ठेवली. फायनान्सच्या कर्जाची कार्डं. घड्या पडून मऊ झालेली, हप्त्यांच्या चौकटीत सह्या आणि तारखा, शेवटच्या पानावर पावसाच्या पाण्यानं निळी शाई पसरलेली.

‘सकाळी सातला फोन आला. आज पैसे न्हाई दिले तर कंपनीत येतो म्हणाला. साहेबालाच सांगतो म्हणाला. मी कुठं तोंड दाखवू गं?’

मग सगळं बाहेर आलं. 2021 च्या पुरात मागची भिंत पडली. सरकारी मदत आली, पण तेवढ्यात भिंत उभी राहिली नाही. गल्लीतल्या बायकांचा ग्रुप झाला, पहिलं कर्ज घेतलं. दुसरं पोरीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी. आणि तिसरं, पहिल्या दोघांचे हप्ते भरायला. नवरा टेम्पो चालवतो, पावसाळ्यात भाडं कमी. ग्रुपमधल्या एकीनं हप्ता दिला नाही की हप्ते गोळा करायच्या मिटिंगमध्ये बाकीच्यांना उठू देत नाहीत. मग तगादा लावणारा माणूस परका राहत नाही, शेजारीणच शत्रू होते. तिच्या जावेनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. नवऱ्याला दोनच कर्जं माहीत होती.

कुणालाच काय बोलावं सुचेना. रुकडीच्या मावशीनं तिच्या हातात भाकरीचा तुकडा दिला आणि ती खाईपर्यंत हात तिथंच धरून ठेवला.

पुढचं काम केलं ते आमच्या सर्वांत धाकट्या पोरीनं. तिचा मामा एका बँकेत आहे, त्याच्याकडून तिनं असलं काही ऐकलेलं होतं. तिनं मोबाइलवर अशा छोट्या कर्जांचे, म्हणजे मायक्रोफायनान्सचे, रिझर्व्ह बँकेचे नियम काढले आणि वाचत गेली, आम्ही मराठीत एकमेकींना समजावत गेलो. हे नियम 1 एप्रिल 2022 पासून लागू आहेत. वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घराला बिनतारण दिलेलं कर्ज त्यात येतं. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत, आणि हे कर्ज देणाऱ्यानं देण्याआधी बघायचं असतं. वसुली ठरलेल्या जागीच करायची. बाई ठरलेल्या जागी लागोपाठ दोन किंवा जास्त वेळा आली नाही, तरच घरी किंवा कामावर यायचं. सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 च्या नंतर फोन करायचा नाही. शिवीगाळ नाही, नातेवाइकांना किंवा सोबत काम करणाऱ्यांना त्रास नाही.

‘तू मिटिंगला गेली नाहीस असं झालंय काय कधी?’ मी विचारलं.

‘एकदा पण न्हाई. पैसे नसले तरी जाऊन बसलो मी. दोन-दोन तास बसलो.’

आक्कानं रिजेक्शनच्या टॅगची मागची बाजू पुढं केली आणि पेन दिलं. हिचा पगार हातात 12,500. नवऱ्याचे सरासरी 9,500. मिळून 22,000, त्याचे निम्मे 11,000. तीन कर्जांचे हप्ते महिन्याला 13,900. त्या पिवळ्या टॅगवरचे आकडे ती किती तरी वेळ बघत बसली. तिला तोवर वाटत होतं की चूक फक्त तिची. तिसरं कर्ज देणाऱ्यानं हा हिशोब आधी मांडायला पाहिजे होता, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

यानं कर्ज माफ होत नाही, हे त्या धाकट्या पोरीनं तिथंच स्पष्ट सांगितलं. घेतलंय ते फेडायचं आहे. मला तिचं हे बोलणं फार आवडलं. अशा वेळी खोटा धीर देणारे बरेच भेटतात, आणि ‘भरूच नका, कोण काय करतंय बघू’ म्हणणारेही. पुढं ते पाठीशी उभे राहत नाहीत.

सुट्टी संपायच्या आतच वॉचमन आला. हिला भेटायला कुणीतरी आलंय म्हणाला. तिचा चेहरा कोअरच्या वाळूसारखा झाला.

आम्ही तिघी गेलो. ती, आक्का आणि मी. गेटच्या बाहेर एक पोरगा रेनकोट घालून उभा होता, मोटरसायकलवर बॅग. फार तर पंचविशीचा. आम्हाला बघून त्यानं आवाज चढवला, म्हणजे वॉचमनला आणि आत जाणाऱ्या ट्रकवाल्यालाही ऐकू जावा एवढा. आक्का त्याच्यापुढं जाऊन उभी राहिली. आवाज न चढवता म्हणाली, ‘बाळा, ही प्रत्येक मिटिंगला येत्या. मग कामावर का आलास? तुझ्या कंपनीनं तसं सांगितलंय काय? सांगितलं असंल तर साहेबाचं नाव लिहून दे आमाला.’

मी कार्ड उघडून तक्रारीचा नंबर छापला होता त्यावर बोट ठेवलं. कंपनीनं 30 दिवसांत तक्रार निकालात काढली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं, त्याचा नंबर 14448, हे मी त्याला वाचून दाखवलं. तो गप्प झाला. मग खालच्या आवाजात म्हणाला, ‘मावशी, वसुली न्हाई झाली तर रात्री नऊपर्यंत आम्हाला ब्रँचमधून सोडत न्हाईत.’ ते खरंही असेल. मला त्याचं वाईट वाटलं, पण म्हणून त्यानं हिला सकाळी सातला फोनवर ते शब्द बोलावेत हे मला मान्य नाही, आणि तसं मी त्याला सांगितलं.

तोवर सुपरवायझर साहेब गेटवर आले होते. मला वाटलं, आता बोर्डाची आठवण करून देणार. त्यांनी काय चाललंय ते विचारलं, आक्कानं दोन वाक्यांत सांगितलं. साहेब त्या पोराला म्हणाले, ‘गेटवर वसुली चालणार नाही. जा तू.’ आणि हिला म्हणाले, ‘दहा मिनिटं बसा, पाणी प्या, मग या.’ बोर्डाचा विषय त्यांनी काढला नाही. संध्याकाळी मीच जाऊन साहेबांना सकाळच्या ट्रेचं सांगितलं. व्हेंट का बुजले होते तेही सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, काही बोलले नाहीत. बोर्ड अजून आहे तिथंच. बाकावरचं बोलणं मात्र नंतर कुणी तोडलेलं नाही.

पुढच्या आठवड्यात तिनं नवऱ्याला तिसऱ्या कर्जाचं सांगितलं. भांडण झालं, दोन दिवस तो जेवायला घरी आला नाही, मग आला. दोघं मिळून ब्रँचमध्ये गेले, लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. पोच घ्यायचीच, हे आमच्या धाकट्या पोरीनं तिला दहा वेळा बजावलं होतं. हप्ता कमी करून मुदत वाढवून मागितलीय. दोन ठिकाणी मान्य झालं, तिसऱ्या ठिकाणी अजून फेऱ्या चालू आहेत. सातचे फोन बंद झाले. तिची पोरगी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या फीचा पुढचा भाग अजून भरायचाय. जाऊ अजून बोलत नाही.

गेटवरचा प्रकार झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सुट्टीत डबे उघडायच्या आधी टोपच्या वहिनीनं पिशवीत हात घातला आणि एक कार्ड काढून आमच्या धाकट्या पोरीपुढं धरलं. ‘माझं पण बघ गं जरा.’ तिच्यामागून फेटलिंगमधल्या झाडूवाल्या काकी आल्या, त्यांच्याकडं दोन होती. पोरीनं भाकरी बाजूला ठेवली, हात पुसले आणि विचारलं, ‘पगार हातात किती येतो, ते आधी सांगा.’