पोटातले कावळे

रात्री अकरा वाजता डब्याचं झाकण आवाज न करता उघडणं ही एक कला आहे. कडेखाली अंगठा रोवून हळूहळू जोर लावायचा. घाई केली की टण्ण! काल अंगठा तिथवर गेला आणि अडला. संध्याकाळी उंदरांबद्दल वाचत बसलो होतो ना!

१९३५ साली कॉर्नेल विद्यापीठातल्या क्लाइव्ह मॅके यांनी पांढऱ्या उंदरांना जीवनसत्त्वं भरपूर, पण उष्मांक कमी असं खाणं दिलं. हे अर्धपोटी उंदीर, त्यातही नर, भरल्या पोटाच्या भाऊबंदांपेक्षा बरेच जास्त जगले. उपाशी जीव खंगायला हवा, तो टिकतो कसा?

याचं एक उत्तर मला पटतं. शरीराकडची शक्ती मोजकी. ती पिल्लांवर खर्चायची की स्वतःच्या डागडुजीवर, हा उत्क्रांतीचा जुनाच हिशेब. दुष्काळात जन्मलेली पिल्लं जगायची नाहीत, मग वीण लांबणीवर टाकायची, पेशींतलं मोडकंतोडकं मोडीत काढून त्यावरच भागवायचं आणि चांगल्या दिवसांची वाट बघायची. मातीतला एक मिलिमीटरभर लांबीचा कृमी तर यात पक्का. एरवी दोन-तीन आठवड्यांचा पाहुणा, पण लहानपणीच अन्न तुटलं की तोंड बंद करून महिनोन्‌महिने तग धरतो. ना खाणं, ना प्रजा. याला दीर्घायुष्य म्हणायचं की नुसतं ताटकळणं?

शिवाय प्रयोगशाळेतल्या उंदराला ना मांजराची भीती, ना कडाक्याची थंडी. रानातला अर्धपोटी उंदीर म्हातारपणाआधी गारठ्यानेच जायचा. माकडांनी तर शास्त्रज्ञांनाच कोड्यात टाकलं. विस्कॉन्सिनमधल्या प्रयोगात कमी खाणाऱ्यांचं बरं चाललं होतं (२००९), तर अमेरिकेच्याच राष्ट्रीय वार्धक्य संस्थेत आयुष्य काही वाढलं नाही (२०१२). तिथे तुलनेसाठी ठेवलेल्या माकडांनाही म्हणे मापूनच वाढत होते.

माझी मुलं कधीच मोठी झाली. तरी हे शरीर पोट रिकामं दिसलं की हात आखडता घेऊन कसल्या सुगीची वाट बघतं, कोण जाणे. पोटातले कावळे तेवढे प्रामाणिक. त्यांना आत्ताच हवं असतं. मी अंगठ्याला जोर दिला.

टण्ण!

"उंदीर आहे का हो?" आतून झोपाळू आवाज आला.

मी श्वास रोखून उभा राहिलो.